एक्सेलची बेरीज चुकली? फॉर्म्युल्याआधी सेलमध्ये काय आहे ते बघा

हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचं शीट घ्या. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी २५०० रुपये. खाली टोटल १,००,००० यायला हवं आणि येतंय ९२,५००. खजिनदार फॉर्म्युला तपासतात: =सम(डी२:डी४१). पहिली ओळ बरोबर, शेवटची ओळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. तो पुसून पुन्हा लिहिला तरी उत्तर तेच. मग कुणीतरी म्हणतं, फाइल करप्ट झाली असेल.

फाइल ठणठणीत असते आणि फॉर्म्युलाही. बिघडलेल्या असतात त्या तीन सेल. एकीत कुणी २५००/- लिहिलंय, दुसरीत ‘२५०० चेकने’ आणि तिसरीत नुसतंच २५०० दिसतंय, पण ते बँकेच्या वेबसाइटवरून कॉपी करून आणलेलं आहे आणि त्याच्या मागे एक न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली आहे. एक्सेलच्या दृष्टीने या तिन्ही सेलमध्ये आकडा नाही, मजकूर आहे. आणि ‘सम’ला बेरीज करताना रेंजमध्ये (म्हणजे डी२ ते डी४१ या सेलच्या पट्ट्यात) मजकूर भेटला, की ते चकार शब्द न काढता पुढे जातं. २५०० गुणिले ३ म्हणजे ७५०० रुपये. नेमके तेवढेच कमी पडत होते.

स्प्रेडशीटमधल्या चुकांबद्दल एवढी एकच गोष्ट नीट कळली तरी निम्मी डोकेदुखी जाते: सेलमध्ये जे दिसतं आणि सेलमध्ये जे असतं, ते वेगळं असू शकतं. फॉर्म्युला दिसण्यावर जात नाही, असण्यावर जातो. म्हणून उत्तर चुकलं की आधी फॉर्म्युल्याच्या मागे लागू नका. तो ज्या सेलवर उभा आहे त्या बघा.

(फंक्शनची आणि सेलची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

आकडा की मजकूर?

ओळखायची पहिली खूण म्हणजे सेलमधली बाजू. कुणी मुद्दाम अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. आपल्याकडे शीट ‘नीटनेटकं’ दिसावं म्हणून सगळं सेंटर करायची सवय आहे, आणि त्यात ही खूण पुसली जाते. शंका आली की कॉलम सिलेक्ट करा आणि सेंटरचं बटण काढून टाका. डावीकडे सरकलेल्या सेल लगेच उठून दिसतील. आकडा मजकूर म्हणून साठलेला असेल तर एक्सेल सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोणही दाखवतं. लोक तो बघतात आणि सोडून देतात. सोडू नका.

दुसरी खूण मला जास्त खात्रीची वाटते. बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये =काउंट(डी२:डी४१) लिहा आणि तिच्याखाली =काउंटए(डी२:डी४१). पहिलं फंक्शन फक्त आकडे मोजतं, दुसरं रिकाम्या नसलेल्या सगळ्या सेल मोजतं. आपल्या शीटमध्ये पहिलं ३७ सांगेल आणि दुसरं ४०. तीन सेलमध्ये गडबड आहे हे दहा सेकंदांत कळतं. मग कोणत्या तीन, हे शोधायला शेजारच्या कॉलममध्ये =इझनंबर(डी२) लिहून खाली ओढा. जिथे ‘फॉल्स’ येईल ती सेल.

अशा शीटमध्ये बुचकळ्यात टाकणारा आणखी एक प्रकार दिसतो. ‘सम’ने केलेली बेरीज शून्य येते, पण तेच =डी२+डी३+डी४ असं अधिकचं चिन्ह वापरून केलं तर उत्तर बरोबर येतं. लोकांना वाटतं, ‘सम’ बिघडलंय. दोघांचे नियम वेगळे आहेत, एवढंच. अधिकचं चिन्ह समोर आलेल्या मजकुराचा आकडा करता येतो का ते बघतं. जमलं तर बेरीज करतं, नाही जमलं तर #व्हॅल्यू! अशी एरर देतं. ‘सम’ रेंजमधला मजकूर सरळ वगळतं. म्हणजे ‘२५००/-’ समोर आल्यावर अधिकचं चिन्ह ओरडतं आणि ‘सम’ गप्प राहतं. यातलं ओरडणारं बरं.

दुरुस्ती सोपी आहे. ‘/-’ साठी कंट्रोल आणि एच दाबा, शोधायच्या खिडकीत /- टाका, बदलायची खिडकी रिकामी ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’ करा. सोसायटीच्या पावतीवर /- हवंच असेल, तर सेलमध्ये नुसता आकडा ठेवा आणि कस्टम फॉरमॅटमध्ये ०"/-" लिहा (शून्य इंग्रजी कीबोर्डवरचं). मग दिसताना २५००/- दिसेल, पण आत आकडाच राहील. ‘चेकने’, ‘जीपे’, ‘रोख’ या गोष्टींना शेराचा वेगळा कॉलम द्या. रकमेच्या सेलमध्ये रकमेशिवाय काहीही नको, हा नियम मी तरी कधी मोडत नाही.

आधी ‘टेक्स्ट’ फॉरमॅट दिलेल्या कॉलममध्ये आकडे भरले गेले असतील, तर नंतर फॉरमॅट ‘नंबर’ केल्याने काहीच होत नाही. इथे भलेभले अडतात. फॉरमॅट बदलल्याने दिसणं बदलतं, आधीच आत साठलेला मजकूर तसाच राहतो. त्यासाठी कॉलम सिलेक्ट करून ‘डेटा’ टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि काहीही न बदलता थेट ‘फिनिश’ दाबा. एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचतं आणि आकडे आकडे होतात.

आणि ती न दिसणारी जागा? वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात बरेचदा साध्या स्पेसऐवजी वेगळी स्पेस येते, तिचा नंबर १६०. ‘ट्रिम’ फंक्शन साधी स्पेस काढतं, ही काढत नाही. म्हणून ‘मी ट्रिम केलं तरी होत नाही’ अशी तक्रार कायम असते. =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(डी५,कॅर(१६०),"")) असं लिहिलं की ती निघते आणि हातात आकडा येतो. तीनच सेल असतील तर सरळ पुन्हा टाइप करा, वेळ वाचेल.

तारखा

तारखेचं दुखणं याच जातीचं आहे, फक्त जास्त घातक. एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या संख्येत. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. म्हणून दोन तारखांची वजाबाकी करता येते, थकबाकीचे दिवस काढता येतात. पण आपल्या कागदपत्रांत तारीख ०५.०६.२०२५ अशी टिंब देऊन लिहायची पद्धत आहे, आणि भारतीय सेटिंगच्या एक्सेलला ती सहसा तारीख वाटतच नाही. तो मजकूर राहतो आणि वजाबाकी #व्हॅल्यू! देते. आडवी रेघ किंवा तिरकी रेघ वापरली की प्रश्न मिटला.

याहून वाईट प्रकार म्हणजे कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असणं. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. तुम्ही ०५/०६/२०२५ हे ५ जून म्हणून टाकता, ते ६ मे म्हणून साठतं. आणि १७/०६/२०२५ टाकलं तर सतरावा महिना नसल्यामुळे ते मजकूर होऊन बसतं. परिणामी एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसतात. लोक डावीकडच्या दुरुस्त करतात, कारण त्या अडतात. खरी चूक उजवीकडे आहे. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा बिनबोभाट उलट्या झालेल्या असतात आणि त्यांच्यावर व्याजही निघतं. असं दिसलं की एकेक सेल सुधारत बसू नका. आधी कॉम्प्युटरचं रीजन भारत करा आणि मूळ डेटा पुन्हा आणा.

हा त्रास आपल्यापुरता नाही. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावं इंग्रजीत ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेल ती तारीख समजून बदलून टाकायचं आणि शास्त्रीय शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा छापल्या जायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली.

फॉर्म्युला खरंच चुकतो तेव्हा

सेल तपासून झाल्या, आकडे आकडेच आहेत, तरी उत्तर चुकतंय. आता फॉर्म्युल्याकडे या. इथे एकच कळ लक्षात ठेवा: एफ२. टोटलच्या सेलवर जाऊन एफ२ दाबलं की फॉर्म्युला ज्या सेल वापरतोय त्यांच्याभोवती रंगीत चौकट दिसते. निम्म्या चुका त्या चौकटीतच सापडतात, कारण ती चौकट हवी तिथे पोचलेलीच नसते.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अर्थशास्त्रातलं आहे. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, असा आकडा त्यात होता. अनेक देशांत काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनासाठी त्याचा दाखला दिला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून घेतलं आणि त्याला दिसलं, की सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज ओळ ४९ पर्यंत जायच्याऐवजी ४४ पर्यंतच गेली आहे. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशोबातून बाहेर. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी केलेल्या फेरमांडणीत सरासरी २.२ टक्के आली. तो सगळा फरक या पाच ओळींमुळे पडलेला नव्हता. काही वर्षांचा डेटा वगळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांचा वाटा मोठा होता. पण रेंजची चूक मूळ लेखकांनीही मान्य केली. एफ२ दाबून चौकट बघितली असती तर ती तिथेच दिसली असती.

आपल्या शीटमध्ये हे असं घडतं: एक्केचाळीसावा फ्लॅट विकला गेला, शेवटच्या ओळीखाली नवी ओळ घातली. रेंज कधी आपोआप वाढते, कधी वाढत नाही. त्या भरवशावर राहू नका. डेटावर क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्याचं टेबल होतं आणि टेबलात नवी ओळ आली की त्यावर उभे असलेले फॉर्म्युले तिला धरून चालतात.

दुसरी नेहमीची चूक खाली ओढताना होते. प्रति चौरस फूट दर एच१ मध्ये आहे आणि पहिल्या ओळीत =सी२*एच१ लिहिलंय. फॉर्म्युला खाली ओढला की तो =सी३*एच२ होतो. एच२ रिकामी, म्हणून उत्तर शून्य. इथे निदान शून्य तरी दिसतं; एच२ मध्ये दुसराच कुठला आकडा असेल तर चुकीची रक्कम येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, दोन डॉलरची चिन्हं येतील आणि ती सेल जागची हलणार नाही.

‘व्हीलुकअप’बद्दल, म्हणजे एखादं नाव किंवा क्रमांक यादीत शोधून त्याच्यापुढची माहिती आणणाऱ्या फंक्शनबद्दल, मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. या फंक्शनला चार गोष्टी सांगायच्या असतात, आणि चौथी न सांगितली तर ते ‘जवळपास जुळणारं’ उत्तर शोधतं. त्यासाठी यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं ते गृहीत धरतं. यादी तशी नसेल तर एकाच्या नावापुढे दुसऱ्याची थकबाकी येऊ शकते, आणि एरर येत नाही. म्हणून शेवटी ‘फॉल्स’ किंवा ० लिहिल्याशिवाय कंस बंद करू नका. नव्या एक्सेलमधलं ‘एक्सलुकअप’ मुळातच तंतोतंत जुळणी बघतं. ते असेल तर तेच वापरा.

मराठी नावांवर लुकअप लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. ‘गोऱ्हे’ हे आडनाव युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होऊ शकतं. एका प्रकारात खास ‘ऱ’ हे अक्षर, हलन्त आणि ‘ह’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. =लेन लावून बघा, एक ६ सांगेल, दुसरं ७. वेगवेगळ्या कीबोर्डवरून नावं भरली गेली, की यादीत डोळ्यांसमोर असलेलं नाव व्हीलुकअपला सापडत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली नावं तर आत वेगळीच अक्षरं असतात, ती युनिकोडशी जुळण्याचा प्रश्नच नाही. म्हणून जुळणी कधीच नावावर करू नये. फ्लॅट नंबर, सभासद क्रमांक, हजेरी क्रमांक असं काहीतरी धरावं. तोही दोन्हीकडे एकाच जातीचा हवा. एका शीटमध्ये आकडा १०१ आणि दुसरीकडे मजकूर १०१ असेल तर पुन्हा #एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’.

दिसणारे पैसे आणि साठलेले पैसे

हजार रुपयांचं बिल तिघांत वाटलं. प्रत्येकापुढे ३३३.३३ दिसतं, खाली टोटल १०००.०० दिसतं. सभासद कॅल्क्युलेटरवर बेरीज करतो, ९९९.९९ येते, आणि सभेत प्रश्न विचारतो. त्याचं बरोबर आहे. सेलमध्ये ३३३.३३ नाहीच, ३३३.३३३३३… आहे, दोन दशांश फक्त दाखवण्यापुरते आहेत. पैसे दाखवताना नव्हे, मोजतानाच पूर्णांकित करावे लागतात: =राउंड(ए१/३,२). मग टोटल खरंच ९९९.९९ येईल आणि उरलेला एक पैसा कुणाच्या नावावर टाकायचा ते तुम्ही ठरवाल.

याच्या मुळाशी एक खोल कारण आहे. कॉम्प्युटर आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, आणि ०.१ सारखा साधा दशांश त्या पद्धतीत पूर्ण मावत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात मावत नाही. म्हणून एक्सेलमध्ये =१*(०.५-०.४-०.१) लिहिलं तर शून्याऐवजी उणे २.७८ ई उणे १७ असं काहीतरी येतं. म्हणजे दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग २७८. रुपयांत याला काही किंमत नाही. पण ‘फरक शून्य असेल तर ठीक’ अशी अट लावली असेल, तर ती अट इथे फसते. तुलना करायच्या आधी राउंड करा.

मोठ्या आकड्यांनाही मर्यादा आहे. एक्सेल पंधरा अंकच अचूक ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांक साधा टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळत नाही. असे क्रमांक भरण्याआधीच कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट द्या. त्यानंतरही ‘काउंटइफ’ने दुबार खाती शोधू नका. ते अशा मजकुराला आकडा समजून पहिले पंधरा अंकच बघतं आणि वेगवेगळी खाती एकच असल्याचं सांगतं.

काही बिघाड पटकन सुटणारे आहेत. उत्तराऐवजी सेलमध्ये फॉर्म्युलाच दिसत असेल तर त्या सेलचं फॉरमॅट टेक्स्ट आहे: जनरल करा, एफ२, एंटर. आकडे बदलले तरी टोटल हलत नसेल तर ‘फॉर्म्युलाज’ टॅबमध्ये ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ मॅन्युअलवर गेलंय. तुम्ही आधी उघडलेल्या दुसऱ्याच कुणाच्या फाइलमधून ते येऊ शकतं. ऑटोमॅटिक करा. नुसते ##### दिसले तर कॉलम रुंद करा. टोटल शून्य येऊन ‘सर्क्युलर’ असा इशारा आला तर फॉर्म्युल्याने स्वतःचीच सेल बेरजेत घेतली आहे. फिल्टर लावूनही बेरीज तीच राहत असेल तर ‘सम’ लपलेल्या ओळीही मोजतंय. त्याजागी =सबटोटल(९,डी२:डी४१) लिहा.

एरर आली की ती ‘इफएरर’ने झाकून रिकामी सेल दाखवायची फॅशन आहे. माझा याला स्पष्ट विरोध आहे. #रेफ! सांगतं की तुम्ही एखादी सेल किंवा कॉलम डिलीट केलाय. #नेम? सांगतं की फंक्शनचं स्पेलिंग चुकलंय. #डिव्ह/०! सांगतं की भागाकाराखाली रिकामं आहे. ही सगळी कामाची माहिती आहे. ती झाकली तर सभासदाच्या नावापुढे थकबाकी नाही असं दिसेल आणि कारण शोधायला जागाच उरणार नाही. लांबलचक फॉर्म्युल्यात चूक कुठे ते कळत नसेल, तर फॉर्म्युला बारमध्ये त्याचा एकेक तुकडा सिलेक्ट करून एफ९ दाबा, त्या तुकड्याचं उत्तर जागेवर दिसतं. बाहेर येताना एंटर दाबू नका, एस्केप दाबा, नाहीतर ते उत्तर कायमचं चिकटेल.

आणि कोणतंही शीट दुसऱ्याला पाठवण्याआधी दोन तपासण्या लावून ठेवा. पहिली, ओळींची संख्या: मूळ यादीत किती आणि इथे किती. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागात कोरोनाचे अहवाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये घेतले जात होते. तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची. त्यापुढचं गळत गेलं आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. दोन्ही टोकांना ओळी मोजल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. दुसरी तपासणी, आडवी-उभी बेरीज: प्रत्येक फ्लॅटच्या बेरजांची बेरीज आणि प्रत्येक महिन्याच्या बेरजांची बेरीज यांचा फरक एका सेलमध्ये, =राउंड(एन४२-एन४३,२) असा काढून ठेवा. तिथे शून्याशिवाय काहीही दिसलं तर फाइल पाठवू नका. आधी काउंट आणि काउंटए लावा.